मामाची हकिगत आणि वॉचमनचा डोळा

आमचा मामा रंगाच्या कारखान्यात फिटर होता. संपात गेटवर जुंपलेल्या मारामारीची हकिगत तो अशी सांगतो की ऐकणाऱ्याचीच बत्तिशी दुखायला लागते. पान्यावर पाना आपटला, डोकी नारळासारखी फुटली, दात खड्यांसारखे उडाले. मग एक भुवई वर, आवाज घोगरा: "मी आपला मधे पडलो. सोडवायला."

कॉलेजच्या प्रकल्पाला ताईने हाच संप घेतला. मारामारीच्या दिवशी गेटवरच्या वॉचमनचा डोळा गेला, पण फोडला कोणी, ते कुठेच धड नव्हतं. जुन्या पेपरात 'अज्ञात इसम', कंपनीच्या अहवालात 'समाजकंटक', युनियनच्या पत्रकात 'मालकाचे गुंड'. तिच्या मॅडम म्हणाल्या, ज्याचा कागद त्याच्या सोयीचा. प्रत्यक्ष तिथे असलेली माणसं गाठ, पण एकेकट्याला विचार. एकत्र बसवलंस तर एक बोलेल, बाकीचे माना डोलावतील.

बाबा गेल्यावर आम्हाला मामानेच वाढवलं. त्याचीच हकिगत खोटी निघाली तर? म्हणून ताईने मुद्दाम वॉचमनला घरी बोलावून मामासमोर बसवलं आणि मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. डोलावू देत माना.

माना राहिल्या बाजूला. वॉचमन म्हणाला, "हाच तो," आणि मामाने स्टूल उचललं. ते वॉचमनच्या खांद्यात बसलं. त्याने काठी मामाच्या नडगीवर हाणली. दोघे म्हातारे एकमेकांची मानगूट धरून कपाटावर आदळले, काच खळकन फुटली, एकाचा ओठ फाटला, दुसऱ्याच्या नाकातून रक्ताची धार. आईने मामाला कमरेला धरून ओढलं, तर ती त्याच्यासकट आडवी.

वॉचमन भिंतीला टेकून धापा टाकत म्हणाला, "पडल्यावरही सोडलं नाहीस. तीन घाव घातलेस, पान्याने."

"तीन? खोटारड्या, एकच घातला मी!"

मामाचा सदरा लाल होत होता, त्याला नाक पुसायचंही सुचेना. पांढऱ्याफटक पडलेल्या ताईने मोबाईलचं रेकॉर्डिंग बंद करायला हात नेला. मामाने तिचं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. आवाज अगदी साधा. "मीच फोडला. लिही. पण घाव एक."

वॉचमनने ओठावर फडकं दाबलं, बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "दोन."

ताईने दोन्ही आकडे लिहून घेतले, कोणी किती सांगितले त्यासकट.