लाल शाईसकट

एम.ए.चा प्रकल्प अहवाल तपासून परत आला तेव्हा जोतिरामनं आधी शेवटचं पान उघडलं, कारण गुण तिथं असतात. गुण बघितले आणि बाकीची पानं उघडायची हौसच फिटली. नापास. शिवलीला मॅडमनी आठवड्यात दुरुस्त करून मागितला होता, नाहीतर वर्ष गेलंच. आणि इकडं बापानं, सिद्धनाथनं, ‘औंदा पोरगं एम.ए. होतंय’ म्हणून कुंभारीच्या स्टँडापासून पार सासुरवाडीपर्यंत सांगून ठेवलेलं.

विषय होता ‘मेंढपाळांचे जीवन’. बाप मेंढपाळ, आई मेंढपाळ, दारात मेंढरं. घरात अभ्यासक तेवढा जोतिराम एकटाच, त्यामुळं त्यानं माहिती मोबाइलवरून घेतली होती.

पानोपानी मॅडमची लाल शाई होती. लाल शाई दिसली की वही दप्तराच्या तळाला घालायची, ही त्याची पहिलीपासूनची पद्धत. ती वाचायचीही असते हे डोक्यात कधी आलंच नाही. त्यानं अहवाल उचलला आणि नवी पेठेत सिद्धलिंगप्पाच्या टायपिंगच्या दुकानात नेऊन टाकला.

“अण्णा, मॅडमनी दुरुस्त्या लिहिल्यात. सगळ्या घालून टाका.”

“सगळ्या?”

“एक पण सोडायची न्हाय.”

सिद्धलिंगप्पा शब्दाचा पक्का. त्यानं एक पण सोडली नाही. जोतिरामनं निळं कव्हर लावून घेतलं आणि आत काय आहे ते न बघता अहवाल मॅडमच्या टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला वर्गात उभं केलं. “तिसरं पान वाचा बघू मोठ्यानं.”

जोतिराम खणखणीत आवाजात सुरू झाला, “मेंढ्यांना वर्षभर मुबलक चारा उपलब्ध असतो. कुठल्या गावात? मेंढपाळ सुखी व समाधानी असतो. त्याला विचारलंत का?” इथं थांबून त्यानं पान उलटून कव्हर आपलंच आहे का ते बघितलं.

“थांबू नको की,” मागून अजिनाथ ओरडला, “लई रंगात आलंय!”

मॅडमनाही हसू आवरेना. “प्रश्न आता तुमच्याच अहवालात छापून आलेत. उत्तरंही तुम्हीच आणा. सोमवारनंतर मी घेणार नाही.”

संध्याकाळी मेंढरं कोंडून झाल्यावर जोतिराम आईसमोर बसला.

“आई, मेंढपाळ सुखी, समाधानी असतो का गं?”

“कुणी लिवलंय हे?”

“मीच.”

म्हाळसाबाईनं हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. “अवं, ऐकलं का? तुमी समाधानी हाय म्हणं!”

“हाय की,” सिद्धनाथ म्हणाला. “मेंढरामागं असलो की हाय. घरी आलं की न्हाय.”

“मग उद्या मी जाते मागं, तुमी भाकरी थापा!”

“चारा मिळतो का पण?” जोतिरामनं घाईनं दुसरा प्रश्न घातला.

“कुटं मिळतोय? द्राक्षबागवाले काठी घिऊन उबे,” सिद्धनाथ म्हणाला.

“मिळतोय की. ह्यास्नी वाटच ठावं न्हाय,” म्हाळसाबाई म्हणाली.

भांडण जुंपलं. एरवी अशा वेळी घरातून पळणारा जोतिराम मांडी घालून लिहीत बसला.

सोमवारी दिलेला अहवाल परत आला. खोड कशी जाणार? आधी शेवटचं पान. पास! काठावर, पण पास. मग इकडंतिकडं बघून त्यानं पहिल्या पानापासून लाल शाई वाचायला घेतली. एके ठिकाणी त्यानं मोठ्या ऐटीत ‘एका महिलेच्या मते’ असं लिहिलं होतं. शेजारी लाल अक्षरात होतं, ‘ही महिला कोण? नाव घाला. प्रत ग्रंथालयात ठेवू.’

तो तसाच नवी पेठेत गेला. “अण्णा, ‘एका महिलेच्या’ काढा, ‘म्हाळसाबाईंच्या’ घाला. एवढंच. लाल अक्षरातलं टायपू नका, ते माझ्यासाठी हाय.”

“हे पहिल्या खेपेलाच सांगायचं की,” सिद्धलिंगप्पा बोटं मोडत म्हणाला. “केवढं लिहितात रे तुझ्या मॅडम!”