काकूंचं कमिट

"अर्धं कच्चं पानात वाढू नये," असं म्हणत काकू कीबोर्डवरचे हात उचलायच्या आणि हाताची घडी घालून बसायच्या. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील बघा, हुशार आणि तेवढीच हट्टी. अमेरिकेतल्या आमच्या हर्नडनच्या ऑफिसात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. वयानं आमच्या आयांएवढ्या, मूळच्या नागपूरच्या, म्हणून काकू. अमेरिकन मॅनेजरसुद्धा काकूच म्हणायचा. ते त्यांचं आडनाव आहे असा त्याचा समज होता, आणि आम्ही तो मोडला नाही.

तेव्हा सबव्हर्जन नावाचं सॉफ्टवेअर नवीन आलं होतं. सगळ्यांचा कोड एका सामायिक जागी असायचा. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत 'अपडेट' टाइप केलं की इतरांचं काम आपल्याकडे यायचं, 'कमिट' केलं की आपलं तिकडे जायचं. आम्ही पोरंटोरं उठसूट कमिट करायचो. चुकलं तर चुकलं! काकू मात्र काम पुरं झाल्याशिवाय काही पाठवायच्या नाहीत. सगळं त्यांच्याच मशीनवर मुरत पडलेलं.

"काकू, रोज थोडं थोडं टाका हो."

"चार लोकांच्या कामात माझी लुडबुड नको गं. झालं की टाकते."

एका सोमवारी मॅनेजरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू दिवसभर करतात तरी काय? त्यांचं एकही कमिट दिसत नाही." त्यांचं कंत्राट वाढवायचं की नाही, ते शुक्रवारी ठरणार होतं. काकांची नोकरी आधीच गेलेली. घर आणि सगळ्यांचा व्हिसा काकूंच्या नोकरीवर. तीही गेली की गाशा गुंडाळून नागपूर, आणि लेकीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष मधेच तुटणार.

मी काकूंना सरळ सांगून टाकलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या.

"अगं बाई! मला वाटलं, काम बघतात."

लगेच त्यांनी अपडेट केलं, तर स्क्रीनभर कॉन्फ्लिक्ट! दोघांनी एकाच ओळीला हात लावलेला असला की मशीन दोघांचं एकाखाली एक ठेवून मोकळं होतं. कुठलं ठेवायचं ते माणसांनी ठरवायचं. आमची पद्धत सोपी होती: आपलं ठेवायचं, दुसऱ्याचं उडवायचं, आणि मग भांडायचं. काकूंनी निदान या वेळी तरी तसंच करावं, असं मला मनापासून वाटत होतं.

पण छे! त्या आपली ऑफिसची चाकांवरची खुर्ची ढकलत, ज्याची ओळ असेल त्याच्या टेबलाशी जाऊन बसायला लागल्या. "यू टेल मी फर्स्ट," असं म्हणून आधी त्याचं ऐकून घ्यायच्या. माझ्याकडेही आल्या. मी घड्याळ दाखवलं, तर म्हणाल्या, "चिडू नकोस. तुझंच बरोबर आहे, माझं काढते." बाईंची नोकरी जायची वेळ आलेली, आणि माझी एक ओळ विचारल्याशिवाय पुसवत नव्हती! मला राग आला, आणि फार मायाही वाटली.

शुक्रवारी सकाळी काकूंनी डोळे मिटून एंटर दाबलं. कमिट गेलं, आणि प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. मॅनेजर बघतच राहिला. कंत्राट वाढलं. काकू बाथरूममध्ये जाऊन रडून आल्या, मीही रडले. नंतर त्या रोज संध्याकाळी कमिट करायच्या, पण तोंड वाकडं करून.

उन्हाळ्यात काकांना टेक्सासात प्लेनोला नोकरी लागली आणि काकूंनी आमचं ऑफिस सोडलं. जायच्या आधी लेकीच्या ग्रॅज्युएशनला त्यांनी मला आग्रहानं नेलं. शाळेच्या मैदानावर भर उन्हात खुर्च्या मांडलेल्या. माइकवरच्या बाईंनी लेकीच्या आडनावाचं पार वाटोळं केलं. काठापदराची साडी सावरत काकू थेट खुर्चीवर चढल्या, आणि दोन बोटं तोंडात घालून अशी खणखणीत शिट्टी मारली की पुढच्या रांगा गर्रकन वळल्या.

"अगं, उतर! लोक बघताहेत!" काका कुजबुजले.

"बघू देत की!" म्हणून काकूंनी दुसरी मारली.