दादांनी निवडलेला फोन

मंडळी, आज दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन घ्यायला नाशिक रोडला गेलो होतो. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेलाय. उपचारांसाठी ते माझ्याकडे असतात, आई दिंडोरीला.

मेसेज लिहिता येतील म्हणून मी स्मार्टफोन निवडला. दादांनी मात्र साध्या बटणांच्या फोनवर बोट ठेवलं आणि वहीत लिहिलं, "तुझ्या आईला वाचता येत नाही. ती बोलेल, मी ऐकेन."

दुकानातूनच आईला फोन लावला आणि दादा ऐकताहेत असं सांगून त्यांच्या हातात दिला.

"जेवले का तुम्ही?" आईनं विचारलं. दादांनी फोनवर नखानं टकटक केलं.

"हां, ऐकताय ना? मग ऐका," म्हणत ती बराच वेळ बोलत राहिली.

गेले दोन महिने आईचा फोन आला की मीच बोलून ठेवायचो. तो दादांच्या कानाला लावावा, हे मला एकदाही सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असतं?