साठ कॅसेटींची फळी

माझ्या दादाकडे व्हिडिओ गेमच्या नऊशे बारा कॅसेटी होत्या आणि त्यातल्या साठच ठेवायच्या होत्या. साठ हा आकडा माझ्या भाचीने, म्हणजे त्याच्या मुलीने काढला. दादा दुकान बंद करून तिच्याकडे राहायला जाणार होता, आणि तिथे त्याच्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी एक फळी होती. भाचीने टेपने फळी मोजली, एक कॅसेट आधी आडवी, मग उभी लावून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, साठ. एकसष्टावी आणलीत तर ती तुमच्या उशाखाली." बापाला पुरती ओळखून होती ती.

गल्लीत दादाला नावाने कोणी ओळखत नसे. त्याचं नाव पडलं होतं फुंकूनको. गेम चालेना की मुलं कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारतात आणि दादाच्या डोक्यात तिडीक जाते. थुंकीने आतल्या सोनेरी पट्ट्या गंजतात, हे त्याने एकतीस वर्षं ओरडून ओरडून सांगितलं. कोणी ऐकलं असेल तर शपथ. दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. पुढे काउंटर आणि त्याच्याजवळ मुलांना खेळायला दोन टीव्ही, मागे त्याचं दुरुस्तीचं टेबल, आणि भिंतींना छतापर्यंत कॅसेटी. आत वळायचं झालं तर आधी श्वास रोखून पोट आत घ्यावं लागे.

मी त्याची धाकटी बहीण. शिवणकाम करते. वहिनी गेल्यापासून रोज दुपारी त्याचा डबा घेऊन दुकानात जायचे आणि माझं हातशिलाईचं काम तिथेच, वहिनीच्या खुर्चीत बसून करायचे. माझा स्वभाव पी हळद आणि हो गोरी असा. दादा त्याच्या नेमका उलटा. एक स्क्रू काढायचा असला तरी आधी त्याची विचारपूस करणार, घरचे कसे आहेत विचारणार, मग पेचकस लावणार.

कॅसेट निवडायची त्याची रीतही तशीच. जुने गेम जमवणारे एक गृहस्थ मध्येच येऊन सल्ला देऊन गेले, की दुर्मिळ असतील त्या ठेवा. दादा म्हणाला, "दुर्मिळ असून काय करायचं? माझे केसही दुर्मिळच आहेत." त्याचा प्रश्न एकच होता. हरल्यावर पुन्हा खेळावंसं वाटतं का? त्यासाठी तो प्रत्येक गेम हरेपर्यंत खेळायचा आणि हरल्यावर स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसायचा. अंगठा आपण होऊन बटणाकडे गेला तर कॅसेट राहणार, नाहीतर जाणार. विमानांच्या एका गेममध्ये तिसऱ्या पुलावर आपटला, गेम करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि त्याच दमात पुन्हा सुरू केला. ती राहिली. दुसरी एक, खोक्यावर सोनेरी अक्षरं असलेली, त्याला पहिल्याच फेरीत जिंकवून मोकळी झाली. "ओळख ना पाळख, लगेच गळ्यात पडतो," म्हणून तिला बाहेरचा रस्ता दाखवला. 'नव्याण्णव गेम एकात' असं लिहिलेल्या कॅसेटीत मुळात नऊच गेम होते, रंग बदलून अकरा वेळा घातलेले. ती हातात घेऊन दादा म्हणाला, "हा गेम नाही, निवडणुकीचा जाहीरनामा आहे."

असं करत करत तीन महिन्यांत एकोणसाठ झाल्या. मी विचारलं, "साठावी कोणती?"

"ती मी बघतो," तो म्हणाला आणि विषय बदलला.

साठावी कोणती ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण बाकीच्या एकोणसाठ नुसत्या तिच्या सोबतीला होत्या.

ती वहिनीची. तिचा तो गेम दादाच्या नियमात कुठेच बसत नव्हता. त्यात सुरुवातीला एक उजाड माळ मिळतो. तो नांगरायचा, पेरायचा, घरं बांधायची, माणसं वसवायची, त्यांना नावं द्यायची. शत्रू नाही, घड्याळ नाही. गेम सुरू केला की तिथे एक दिवस उजाडतो, आणि खेळून ठेवून दिला की तो दिवस संपतो. दादा तिला चिडवायचा, "ज्यात हरता येत नाही तो गेम कसला? घरकामच की ते." त्यावर वहिनी म्हणायची, "तुमच्या दुकानात दिवसभर पोरांची माणसं मरताना बघते मी. एका ठिकाणी तरी सगळी जिवंत राहू देत." गिऱ्हाईक नसलं की दुपारी अर्धा तास ती काउंटरवर बसून आपलं गाव बघायची. एकोणीस वर्षं. शेवटच्या आजारपणात, जिना उतरवत नव्हता तेव्हासुद्धा, दादाला टीव्ही आणि गेम दुकानावरच्या घरात आणून द्यायला लावला होता. तिला जाऊन चार वर्षं झाली.

अशा गेममध्ये खेळलेलं लक्षात राहावं म्हणून कॅसेटीच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. सेल आहे तोवर गाव आहे. तो काढला की सगळं त्या क्षणी पुसलं जातं, आणि न काढला तरी कधीतरी आपला आपण संपतोच. वहिनीच्या कॅसेटीतला सेल तेवीस वर्षांचा झाला होता. दादाला त्यावर एक उपाय येत होता. आधी दुसऱ्या सेलच्या दोन बारीक तारा आत जोडायच्या, मग जुना सेल काढायचा, म्हणजे वीज पापणी लवण्याइतकाही वेळ तुटत नाही. गिऱ्हाइकांसाठी त्याने हे कितीतरी वेळा केलं होतं. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन तारांच्या चार दिसायच्या. सहा वर्षं ऑपरेशन टाळणारा माझा भाऊ एके दिवशी अचानक "करून टाकू या" म्हणाला, ते ह्यासाठी. आम्हाला वाटलं, पेपर वाचायचा असेल.

त्याने हे कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं असतं तर? पण मी ऐकून घेतलं असतं का, हाही प्रश्न आहेच, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक आहे.

कारण एकदा तो सांगत होता. निवडलेल्या कॅसेटी उघडून, आतल्या पट्ट्या स्पिरिटने पुसून, जिच्यात सेल असेल तिचा सेल बदलून बंद करायच्या, हे काम त्याने मला शिकवलं. सुई ओवणारा हात, सोल्डरिंगही पटकन जमलं. "माझ्यापेक्षा सुबक करतेस," असं तो म्हणाला आणि मी फुगले. पहिल्याच दिवशी तो म्हणायला लागला, "आणि हे बघ, पाठीवर पांढरी चिकटपट्टी असेल ना, तर ती—"

"काढून टाकायची. कळतं रे मला," मी म्हणाले. "किती दळण दळशील!"

तो हसला आणि गप्प बसला. दुकानाची ती जुनी खूण होती. पट्टी म्हणजे आत कोणाचंतरी खेळलेलं आहे, उघडू नका. दुरुस्तीला कॅसेट देताना मुलं बजावून सांगायची, "काका, पट्टी लावा हं." गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट. तीस वर्षं त्या दुकानात माझी ये-जा, मला ती माहीत असणारच असं त्याने धरलं असेल. शिवाय पट्टीवाल्या सगळ्या ज्याच्या त्याला परत गेल्या होत्या. एकच उरली होती, आणि ती त्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच भाची त्याला घेऊन गेली. मी दुकानात एकटी. म्हटलं, परत येईल तेव्हा सगळं तयार असू दे, त्याला खूश करू. ट्रेमध्ये पाच-सहाच राहिल्या होत्या, त्या तासाभरात झाल्या. कापूस संपला म्हणून ड्रॉवर उघडला, तर आत रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट. काळवंडलेली, पाठीवर पिवळी पडलेली पट्टी. इतकी जपून ठेवली आहे म्हणजे हीच साठावी, हे मी बरोबर ओळखलं. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. पट्टी सोलून काढली. तिचा चिकटा निघेना, तो स्पिरिट लावून नखाने खरवडला. कॅसेट उघडली, जुना सेल काढला, नवा लावला. त्या दिवसाइतकं नीटनेटकं सोल्डरिंग माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. काम करताना मी गुणगुणत होते. हे लपवून काय करू? वहिनीचं गाव मी गुणगुणत पुसलं.

दादा नऊ दिवसांनी दुकानात आला, काळा चष्मा लावून. भाची त्याला दाराशी सोडून कामावर गेली. आत येताच त्याने चष्मा वर करून भिंतींकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे बाप रे, किती घाण आहे इथे." आम्ही दोघं खूप हसलो. मग मी त्याला खोका दाखवला.

"बघ, साठच्या साठ तयार. तुझ्या ड्रॉवरमधलीसुद्धा."

त्याने हात पुढे केला. मी कॅसेट दिली. त्याने ती उलटी केली आणि पाठीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"सेल?" त्याने विचारलं.

"नवाकोरा."

फुंकरीसाठी एकतीस वर्षं गल्ली डोक्यावर घेणारा माणूस, पण तो ओरडला नाही. खाली बसला. कॅसेटीत काय होतं, पट्टी कशासाठी होती, डोळे कशासाठी करून घेतले, सगळं त्याने मला सांगितलं, गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगावा तसं, हळूहळू. मी म्हणाले, लाव तरी, असेल अजून. नसणार हे त्याला माहीत होतं. माझ्यासाठी लावली. पडद्यावर हिरवा मोकळा माळ आला आणि खाली एक चौकट. गावाचं नाव लिहा.

मी रडायला लागले. "दादा, दोन थोबाडीत दे, पण असा शांत बसू नकोस," मी म्हणाले.

"तुझं काय चुकलं? मी चार वर्षं बसून राहिलो," तो म्हणाला. "लावली की तिथे पुढचा दिवस उजाडणार. तिच्याशिवायचा. म्हणून लावलीच नाही. म्हटलं, डोळे नीट होऊ देत, आधी सेल बदलू, मग एकदाच काय ते बघू."

"म्हणजे तू गाव पाहिलंच नव्हतंस?"

"एकोणीस वर्षं माझ्यापासून चार हातांवर खेळत होती. मी मान वर करून पाहिलं नाही." त्याने माझ्याकडे मान वळवली. "तुला दाखवलं होतं ना? मला म्हणाली होती ती, वन्संना दाखवलं म्हणून."

दाखवलं होतं. तो दिवस मला चांगला आठवतो, आणि आठवतं ते एवढंच, की मी कोणाच्यातरी पडद्याला दुमड घालत होते, ओठांत टाचण्या होत्या, वहिनीने टीव्ही माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "वन्सं, बघा ना, आज माझं गाव पुरं झालं." मी "हं, छान" म्हणाले. दुमड वाकडी जाईल म्हणून नजर उचलली नाही.

"दाखवलं होतं," मी म्हणाले.

"कसं होतं?"

त्याचे नवे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. काही न पाहिलेली बाई काय सांगणार? पण नाही म्हणवेना. "मोठं होतं," मी म्हणाले. "खूप घरं होती, लाल छपरांची. घरांना कुंपणं होती. मधोमध एक तळं होतं. तळ्यात बदकं."

नऊशे बारा गेममध्ये कुठे काय आहे आणि काय नाही, हे त्या माणसाला तोंडपाठ होतं.

"त्या गेममध्ये तळं नाही," तो हळूच म्हणाला.

मी मान खाली घातली. समोर तो मोकळा माळ तसाच होता. दादाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"बदकं किती होती?" त्याने विचारलं.

"सात," मी म्हणाले.