आपल्यात कसली तपासणी?

ऑफिसात त्याला सगळे नाकेदार म्हणत. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणारं ऑफिस ते, आणि याचं काम आत येणारी प्रत्येक माहिती अडवून विचारायचं: तू कोण, कुठली, किती? वयाच्या रकान्यात आकडाच हवा, नाव रिकामं नको, जन्मतारीख उद्याची नको. अठरा वर्षं त्याने हेच केलं आणि त्याचा कधी कंटाळा आला नाही. उलट, माहिती परत पाठवताना तो तिच्याबरोबर चार शब्दही पाठवी. कुणी वय दोनशे दहा टाकलं, की पडद्यावर यायचं, 'आजोबांना आमचा नमस्कार सांगा आणि वय पुन्हा विचारा.' हॉस्पिटलातल्या सिस्टर म्हणे मुद्दाम चुका करत.

घरीही तेच. बायको म्हणाली, "भाजीत मीठ चिमूटभर टाका," की हा विचारणार, "चिमूट कुणाची? तुझी की माझी?"

"तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर व्हा," ती म्हणे. "ही चिमूट माझी."

असा हा माणूस जगात एकाच इसमाला न तपासता आत सोडत असे. तो म्हणजे शेजारच्या टेबलावरचा मित्र. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, एकाच डब्यात जेवले. बायको त्याला भावोजी म्हणे. लॅबच्या मशीनमधून रिपोर्ट आणायचं काम भावोजींचं. सुरुवातीलाच खांद्यावर हात टाकून ते म्हणाले होते, "अरे, आपल्यात कसली तपासणी? माझ्याकडून येतं ते तपासलेलंच." नाकेदार विरघळला. त्याने कोडात एक ओळ घातली, की हे रिपोर्ट विचारपूस न करता आत जावेत, आणि शेजारी टीप लिहिली: 'हा घरचा माणूस.'

मग एका सकाळी एका सिस्टरचा फोन आला. "अहो, आमच्या पेशंटची साखर नऊ हजार नऊशे नव्याण्णव दाखवतेय. हा माणूस आहे की साखर कारखाना? समोर बसून बिस्किट खातोय!"

सिस्टर हुशार, म्हणून इन्सुलिनची सुई टोचायची राहिली. मशीनला मोजता आलं नाही, की ते रकाना रिकामा न ठेवता हा आकडा पाठवत असे.

दुपारी ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. नाक्याचं काम याच्याकडे ठेवायचं की काढायचं, एवढाच प्रश्न होता. नाकेदाराने मित्राकडे पाहिलं. आता तो बोलेल, त्याला वाटलं.

मित्र बोललाच. "मॅडम, मी फक्त आणून देतो. तपासायचं काम याचं."

मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. मशीनवाल्यांचं पत्र, तीन महिन्यांपूर्वीचं, मित्राच्या नावे: असा आकडा आला तर तो मोजमाप समजू नये. खाली मित्राची सही, मिळाल्याची.

"म्हणजे तुला माहीत होतं?" नाकेदाराने मित्राला विचारलं.

"अरे, तुला सांगितलं असतं तर तू प्रश्न विचारत बसला असतास. आपल्यात एवढं काय?"

काम नाकेदाराकडेच राहिलं. मॅडम म्हणाल्या, "पण ती ओळ तुम्हीच घातलीत."

घरी बायकोने ऐकलं आणि हातातली पळी तशीच धरून म्हणाली, "भावोजींनी? आपल्या भावोजींनी?" मग तिने विचारलं, "मीठ किती टाकू?" आयुष्यात पहिल्यांदा तो म्हणाला, "टाक कितीही."

दुसऱ्या दिवशी त्याने ती ओळ काढली, टीपही पुसली आणि लॅबच्या रिपोर्टांनाही सगळ्यांसारखी तपासणी लावली. जेवणाच्या सुट्टीआधी मित्र डबा घेऊन टेबलापाशी आला.

"काय रे, माझे रिपोर्ट परत येतायत. पडद्यावर नुसतं 'ही माहिती स्वीकारता येत नाही.' एवढंच? काही गंमत नाही? सिस्टर लोकांना तर किती लिहितोस!"

"त्या परक्या आहेत," नाकेदार म्हणाला आणि आपला डबा उचलून दुसऱ्या टेबलाकडे गेला.