नावाडणीला दिलेले आकडे

आमच्या गल्लीत माझ्या नणंदेला सगळे ‘राक्षसवाली’ म्हणतात, आणि तिला त्याचा राग येत नाही. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा ताई खिडकीपाशी बसून कसल्याशा तीन डोळ्यांच्या अस्वलाला नखं काढत होती. “वहिनी, जरा हात पुढे कर,” म्हणाली, आणि माझी बोटं बघून पंजा पूर्ण केला. नव्या सुनेचं असं स्वागत दुसऱ्या कुठल्या घरात झालं असेल, तर मला कळवा.

ती ज्या खेळासाठी चित्रं काढते, तो टेबलाभोवती बसून खेळतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातले योद्धे नाहीतर मांत्रिक होतात आणि फासे टाकतात. खेळाच्या जाडजूड पुस्तकात एकेका प्राण्याचं चित्र असतं, खाली त्याच्या जिवाचा आकडा. वार लागला की आकडा उतरतो, शून्यावर आला की प्राणी मेला. आणि या खेळणाऱ्यांना एक खोड आहे. ज्याला आकडा आहे, त्याला मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कोंबडीला आकडा द्या, कोंबडीवर तलवारी काढतील.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ताईनं त्यांच्याच चेहऱ्याची एक नावाडीण काढली. वाकलेली पाठ, मांडीवर वल्हं, आणि नजर अशी की आता ‘जेवलास का?’ म्हणतील. सासूबाईंनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, “नाक केवढं काढलंयस गं माझं!” मग खोकला येईपर्यंत हसल्या.

पुस्तकाचा संपादक तेव्हा त्यांच्या उशाशीच बसला होता. ताईचा कॉलेजातला मित्र, पण अर्धा आमच्याच घरी वाढलेला. त्याच्या शर्टाची तुटलेली बटणंसुद्धा सासूबाईच लावायच्या. ताई त्याला म्हणाली, “हिला आकडे द्यायचे नाहीत.”

“काकूंना कोण मारू देईल? माझा शब्द,” तो म्हणाला. आणि चित्राखाली एवढंच छापलं: ही सगळ्यांना पार नेते, हिच्याशी लढता येत नाही.

सासूबाई गेल्या. त्यानंतर पुस्तकाची नवी छपाई घरात आली की मामंजी आधी तेच पान उघडायचे. “बघू, बसलीय का,” म्हणायचे. बसलेली असायची.

यंदा संपादकानं सगळं पुस्तक नव्यानं मांडलं. ताईच्या वाट्याच्या प्रती आणायला मी तिच्याबरोबर त्याच्या कचेरीत गेले. तिनं उभ्याउभ्याच नावाडणीचं पान काढलं. चित्राखाली लिहिलं होतं: जीव चाळीस. मारल्यास वल्हं मिळेल. आणि समोरच्या पानभर चिखलात पालथी पडलेली एक म्हातारी. ते चित्रही ताईचंच होतं. ‘अनोळखी म्हातारी वाटसरू, पालथी पडलेली, चेहरा दिसायला नको’ असं सांगून त्यानं ते मागवलं होतं, आणि तिनं नेहमीच्या मायेनं हातांवरची एकेक सुरकुती काढून दिली होती.

“खेळणाऱ्यांनीच मागणी केली गं,” संपादक म्हणाला. “हरवता येत नाही म्हणून चिडायचे ते. पुस्तक चालायला नको का?”

“आणि हे माझ्याकडून काढून घेतलंस?”

“दुसऱ्या कुणी काढलं असतं तर ती नावाडीण वाटली नसती. पालथी म्हातारी म्हटल्यावर तुझ्या हातातून काकूच उतरणार, हे मला माहीत होतं. सांगितलं असतं, तर तू काढलं असतंस का?”

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण हा माणूस हे सगळं चहा ढवळत बोलला. माझ्या तोंडाला आलेल्या शिव्या मी त्याला दिल्या, सगळ्या दिल्या. ताईनं मात्र पुस्तक पिशवीत टाकलं आणि जिना उतरली. “बाबांना दाखवायचं नाही,” एवढंच रस्त्यात म्हणाली.

पण पुस्तकं येणार हे मामंजींना ठाऊक होतं. ते चष्मा लावून दारातच बसले होते. “आण इकडे,” म्हणाले, आणि कुणी काही सांगायच्या आत पिशवीत हात घातला.

पान सापडायला त्यांना वेळ लागला नाही. आकड्याखाली बोट ठेवून त्यांनी विचारलं, “चाळीस? रानडुकराला किती असतात गं?”

“साठ,” ताई म्हणाली.

मग मामंजींची नजर समोरच्या पानावर गेली. चिखलातल्या पाठीवरून त्यांनी हळूच हात फिरवला, आणि लेकीचा हात तर ते डोळे मिटूनही ओळखतील.

“हे तू काढलंस?” त्यांनी विचारलं.

ताईला हो म्हणावं लागलं.