न झालेल्या मैफलीची दाद

पेपरात कलेचं पान सांभाळणाऱ्या समीक्षकांना कचेरीत तोंडावर सगळे 'काका' म्हणत आणि पाठीमागे 'मंत्रमुग्ध'. गाणं असो, नाच असो, चित्रांचं प्रदर्शन असो, त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: रसिक मंत्रमुग्ध झाले. एकदा माइक बंद पडून अर्धं सभागृह उठून गेलं होतं. उरलेले मात्र काकांच्या कृपेने मंत्रमुग्ध झाले.

पलीकडच्या टेबलावरची क्रीडावार्ताहर त्यांना यावरून छेडायची. काका उलटून म्हणायचे, "तू आधी तुझा 'धुव्वा' आवर. कोणी एका गोलाने हरलं तरी धुव्वा!"

एका शनिवारी काकांना लेकीच्या नव्या घरात सामान लावायला जायचं होतं आणि नेमकी संध्याकाळी मैफल होती. ही गायिका त्यांनी कितीदा तरी ऐकलेली. कुठे टाळ्या पडणार तेसुद्धा तोंडपाठ. त्यांनी दुपारीच मजकूर लिहून दिला आणि कपाटं ढकलायला गेले.

रविवारी सकाळी फोन वाजला. पलीकडून घोगरा आवाज आला, "काल माझा घसा बसला, मैफल रद्द झाली. आणि तुमच्या पेपरात रसिक मंत्रमुग्ध! मी न गाता एवढं होत असेल, तर रियाज कशाला करू?"

काका फोन धरूनच उठून उभे राहिले. "चुकलो, बाई. कुठल्या तोंडाने माफी मागू?"

ती हसली, हसता हसता खोकली. "घसा सुटला की पुन्हा गाणार आहे. या ऐकायला. तो शब्द तेवढा घरी ठेवून या."

संपादकांनी काकांची यथेच्छ हजेरी घेतली. चौकटीत दिलगिरी छापून आली. कचेरीत हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. क्रीडावार्ताहर तेवढी हसली नाही. तिने विचारलं, "काका, खरं सांगा, कार्यक्रमात तुम्ही बघता कुठे?"

काकांनी आठवून पाहिलं. ते बहुतेक वेळ घड्याळाकडे बघत असत.

पुन्हा ठरलेल्या मैफलीला ते बायकोला घेऊन गेले. ती दर कार्यक्रमाला विणकाम आणायची. म्हणायची, "मला गाण्यातलं काही कळत नाही, तुम्हाला सोबत म्हणून येते." या वेळी काकांनी पेन खिशातच ठेवलं आणि जरा तिरपे बसले. पुढच्या रांगेत एक गृहस्थ कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते. आलाप सुरू झाला आणि त्यांचा हात हवेतच राहिला. एका बापाच्या खांद्यावर मूल झोपलं होतं. खांदा भरून आला असणार, पण पठ्ठ्या हलला नाही. वरच्या सुराला गायिकेचा आवाज चिरकला. ती स्वतःशीच हसली, पुन्हा त्या जागेवर गेली, आणि या खेपेला सूर असा लागला की मागून कोणीतरी "वा!" म्हणून ओरडलंच. काकांनी शेजारी पाहिलं. सुया मांडीवर पडल्या होत्या आणि बायको हाताच्या पाठीने डोळे पुसत होती.

हे सगळं त्यांनी लिहिलं, चिरकलेल्या सुरासकट.

पेपर आला तशी बायको तो घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ही 'विणकाम विसरलेली बाई' कोण हो?"

"होती एक."

"अख्ख्या बिल्डिंगला कळलं कोण ते! रडल्याचं कशाला लिहायचं?"

"रडलीस की नाही?"

ती खुर्चीवर टेकली. "आई ते गाणं माझे केस विंचरताना गुणगुणायची. सूर धड लागायचा नाही तिचा. पण त्या वरच्या सुराच्या ओळीला आली की हात हळू व्हायचा."

इतक्या वर्षांच्या संसारात काका हे पहिल्यांदाच ऐकत होते. चहा निवून गेला तरी ते उठले नाहीत.

"पुढच्या आठवड्यात कोण गातंय?" बायकोने विचारलं.

"गाणं नाही, सतार आहे."

"चालेल. पण जागा पुढची घ्या. दर वेळी मेलं खांबाआड बसवता."